फॅक्स लागत नाही: एका जिल्हा कार्यालयातल्या मोडेमचे प्रकरण

२००१ चा पावसाळा. रत्नागिरीतले एका मराठी दैनिकाचे जिल्हा कार्यालय. बाजारपेठेतल्या जुन्या इमारतीच्या माडीवर दोन खोल्या, बाहेर टायपिंग आणि जाहिरातींचे टेबल, आत कार्यालयप्रमुखांची खोली. टेलिफोनची लाइन एकच. या एका लाइनवर मंडणगडपासून राजापूरपर्यंतचे वार्ताहर संध्याकाळी बातम्या पाठवत. बातमी फुलस्केपवर हाताने लिहायची, जवळच्या एसटीडी बूथवर जायचे आणि फॅक्स करायचा, ही तेव्हाची सर्रास पद्धत. तालुक्यात संगणक असलेला वार्ताहर विरळाच, आणि ज्याच्याकडे होता त्याच्याकडे मराठी फॉन्ट आपल्याच कार्यालयातला असेल याची खात्री नव्हती.

कार्यालयात आधी थर्मल रोलचे, म्हणजे उष्णतेने अक्षर उमटणाऱ्या कागदाचे, फॅक्स मशीन होते. रोल महाग, कागद गुंडाळी होऊन पडायचा, आणि कोकणातल्या दमट हवेत महिना-दोन महिन्यांत अक्षर पुसट व्हायचे. एखाद्या बातमीवर वकिलाची नोटीस आली की मूळ फॅक्स शोधायचा आणि हातात पिवळट कोरा कागद यायचा. म्हणून त्या वर्षी मुख्य कार्यालयाने नवा संगणक पाठवला तेव्हा त्यातल्या मोडेमवरच, म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या तारेवरून बोलायला लावणाऱ्या यंत्रावरच, फॅक्स घ्यायचे ठरले. डब्यावर 'डेटा, फॅक्स, व्हॉइस' असे तिन्ही लिहिलेले होते. फॅक्स येईल, फोन लावता येईल, कोणी नसेल तर निरोपही ध्वनिमुद्रित होईल. फॅक्स मशीन कपाटावर गेले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून तक्रारी सुरू झाल्या. 'फॅक्स लागत नाही.' देखभालीचा करार माझ्याकडे असल्याने निरोप माझ्याकडे आला, आणि त्यासोबत निदानही आले: 'मोडेम बाद आहे, बदलून द्या.'

तक्रार एक, दुखणी अनेक

'लागत नाही' या दोन शब्दांत वार्ताहर काय काय घालतात ते आधी सोडवून घ्यावे लागले. दापोलीच्या वार्ताहराचे म्हणणे होते, नंबर सतत एंगेज. गुहागरचा म्हणे, रिंग जाते, मग कोणीतरी रेकॉर्ड केलेल्या आवाजात 'नमस्कार' म्हणते आणि गप्प होते. चिपळूणला टोन मिळायचा, कागद मशीनमध्ये अर्धा जायचा आणि तिथेच अडकायचा. राजापूरहून आलेली पाने पूर्ण यायची, पण मधूनमधून आडव्या काळ्या पट्ट्या, जणू कोणी काजळाचे बोट फिरवले आहे. ही चार दुखणी चार वेगळ्या जागची आहेत हे ऐकताक्षणी लक्षात येत होते. मोडेम बदलून यातले फार तर एक गेले असते.

आणि यात पैशांचा प्रश्न होता. समोरून मोडेमने किंवा माणसाने उचलले की बूथच्या मीटरवर पल्स पडायला लागायचा. फॅक्स गेला की नाही याच्याशी मीटरला देणेघेणे नसायचे. अर्धे पान जाऊन तुटले तरी बूथवाला बिल हातात ठेवायचा, आणि ते बरोबरच होते, त्यालाही ते भरायचेच असायचे. वार्ताहराला महिन्याला जे मानधन मिळे ते बघता पावसात दोनदा-तीनदा फसलेला फॅक्स म्हणजे बातमी पाठवण्याचा खर्च बातमीच्या किमतीपेक्षा जास्त. काहींनी छोट्या बातम्या पाठवणेच सोडले होते. कार्यालयप्रमुखांना खरी काळजी याची होती. पान भरत नव्हते.

लाइन कोणाची?

एंगेजचा उलगडा सोपा होता, फक्त कार्यालयातल्या कोणालाही तो अडचण वाटत नव्हता. टाइप झालेला मजकूर रोज संध्याकाळी घाटावरच्या मुख्य कार्यालयाला जायचा तोही मोडेमनेच. इंटरनेटवरून नव्हे, सरळ तिथल्या मोडेमचा नंबर फिरवून, विंडोजमधल्या हायपर टर्मिनल या प्रोग्राममधून, झेडमोडेम नावाच्या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने फाइल पाठवायची. टायपिंग करणाऱ्या ताई दोन-तीन बातम्या झाल्या की लगेच पाठवून मोकळ्या होत. साडेपाच ते नऊ या वेळात लाइन अशी तुकड्या-तुकड्याने जायची, आणि नेमकी हीच वार्ताहरांची वेळ.

त्यात ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) मोडेम म्हणजे वेगवान, हा समज. ५६ के हा वेग इंटरनेट कंपनीकडून आपल्याकडे येताना, आणि तोही त्यांचे टोक डिजिटल असेल तरच मिळतो. दोन साधे मोडेम एकमेकांशी बोलतात तेव्हा ३३.६ के ही कमाल, आणि पावसात आमच्या लाइनवर २१.६ किंवा २४ मिळाले तरी देव पावला. फॅक्सचा तर त्या ५६ शी संबंधच नाही. साधा ग्रुप ३ फॅक्स १४,४०० च्या वर जात नाही आणि बूथवरची बरीचशी मशीने ९,६०० चीच होती.

गुहागरच्या 'नमस्कारा'ची गोष्ट जास्त मजेची आहे. नव्या मोडेमबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती: फोन आला की संगणक उचलेल, समोरून फॅक्सची शिट्टी ऐकू आली तर फॅक्स घेईल, नाहीतर निरोप वाजवून माणसाचा आवाज मुद्रित करेल. कागदावर उत्तम. फॅक्स पाठवणारे मशीन स्वतः नंबर फिरवते तेव्हा ते दर साडेतीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा बारीक सूर देत राहते. 'मी फॅक्स आहे, माणूस नाही' अशी ती ओळख. सॉफ्टवेअर कान लावून असते ते या सुरासाठी.

पण आपल्याकडचा बूथवाला मशीनला नंबर फिरवू देत नसे. तो रिसीव्हर उचलायचा, स्वतः नंबर दाबायचा, मीटरकडे बघायचा, समोरचा टोन कानाने ऐकायचा आणि मगच स्टार्टचे बटण दाबायचा. तोपर्यंत त्याचे मशीन मुके. आमचा संगणक सुराची वाट बघायचा, सूर नाही म्हणजे माणूस आहे असे ठरवायचा आणि 'नमस्कार' सुरू करायचा. बूथवाला ओरडायचा, 'ओ, टोन द्या, टोन!' संगणक ते इमाने-इतबारे मुद्रित करून ठेवायचा. हार्ड डिस्कवर अशा निरोपांचा ढीग होता. एकात पावसाचा आवाज, मागे एसटीचा हॉर्न, आणि अगदी शांतपणे म्हटलेले, 'हे लोक मुद्दाम करतात.'

ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिले त्यांच्या देशात लोक फॅक्स कसा पाठवतात ते बघून त्यांनी लिहिले. त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. पण बूथवर अवलंबून असलेल्या कार्यालयात ही सोय पहिल्या दिवशी बंद करायला हवी होती.

तिसरे दुखणे, अर्ध्यात तुटण्याचे, याची निम्मी जबाबदारी आतल्या खोलीतल्या पॅरलल फोनवर होती. टेलिफोनची तार भिंतीतून आल्यावर एका डबीत फुटत होती: एक फाटा साहेबांच्या फोनला, एक बाहेरच्या फोनला, एक मोडेमला. तिघेही समान हक्काचे. फॅक्स चालू असताना साहेबांनी फोन लावायला रिसीव्हर उचलला की त्यांच्या कानात करकर, आणि चिपळूणच्या पानाचा तिथेच शेवट. साहेब लगेच ठेवून द्यायचे, पण एकदा गेलेला धागा फॅक्स परत पकडत नाही. शिवाय लाइनवर कॉल वेटिंग चालू होते. कोणीतरी हौसेने घेतले असावे. दुसरा कॉल आल्याची ती 'टुक' माणसाला सोयीची, पण फॅक्सच्या मध्ये पडली की पान नासते.

मोडेमशी थेट बोलणे

उरलेली निम्मी जबाबदारी कोणाची ते बघायला हायपर टर्मिनल उघडून मोडेमला सरळ आज्ञा दिल्या. हे काम मला आवडते. एटी टाइप करून एंटर, की तो 'ओके' म्हणतो. म्हणजे जिवंत आहे. मग एटी+एफक्लास=? असे विचारले. उत्तर आले: ०, १, ८. शून्य म्हणजे डेटा, आठ म्हणजे व्हॉइस आणि एक म्हणजे फॅक्सचा क्लास १.

या एक आकड्यात अर्धे उत्तर होते. फॅक्स म्हणजे दोन यंत्रांमधला घड्याळावर चालणारा संवाद. उचलणारे यंत्र आधी सुमारे तीन सेकंद २१०० हर्ट्झचा लांब सूर देते. बूथवाला ज्याला 'टोन' म्हणायचा तो हाच. मग ते ३०० बिटच्या संथ वेगाने स्वतःची क्षमता सांगते: मी कुठल्या वेगाने घेऊ शकतो, कागद केवढा, रेघा किती बारीक. पाठवणारे त्यातले एक निवडून कळवते, आणि निवडलेल्या वेगाने दीड सेकंद नुसती शून्ये पाठवून बघते. ती स्वच्छ पोचली तर पान सुरू, नाहीतर वेग उतरवून पुन्हा चाचणी. पान संपले की 'मिळाले का' आणि 'मिळाले'. प्रश्नाला उत्तर साधारण तीन सेकंदांत यावे लागते. न आल्यास पाठवणारा पुन्हा विचारतो, आणि तिसऱ्या वेळीही उत्तर नसेल तर फोन ठेवून देतो. काही ठिकाणी तर दोन संदेशांमधली फट ७५ मिलिसेकंदांच्या आसपास असावी लागते.

क्लास २ च्या मोडेममध्ये हा सगळा संवाद मोडेम स्वतः सांभाळतो आणि संगणकाला फक्त पान आणून देतो. क्लास १ मध्ये मोडेम नुसता तोंड आणि कान. काय बोलायचे, केव्हा बोलायचे हे संगणकातल्या सॉफ्टवेअरने ठरवायचे. त्यात आमचा मोडेम स्वस्तातला 'विनमोडेम' होता, म्हणजे त्याच्यावर स्वतःचा प्रोसेसरच नाही, सूर ओळखण्याचे कामही संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेणारा. आणि त्याच संगणकावर ताई पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये श्रीलिपी या मराठी फॉन्टात मजकूर बसवत होत्या. चौसष्ट एमबी मेमरी, विंडोज ९८. लेझर प्रिंटरला पान सोडले की माउसचा बाण दोन-तीन सेकंद जागच्या जागी गोठायचा.

मोडेमचा स्पीकर सतत चालू राहावा म्हणून एटीएम२ ही आज्ञा दिली (पैशांच्या एटीएमशी हिचा संबंध नाही) आणि चिपळूणच्या वार्ताहराला फॅक्स करायला सांगितले. स्पीकरवर लांब सूर, खडखडाट, चाचणीची फुसफुस, मग पानाचा एकसुरी गजर. सगळे ठीक. तेवढ्यात ताईंना म्हटले, 'आता एक पान प्रिंटला सोडा.' त्यांनी सोडले. गजर चालू राहिला, कारण पाठवणारे मशीन पाठवतच होते, पण पान संपल्यावर त्याने 'मिळाले का' विचारले तेव्हा आमच्याकडून शांतता. पुन्हा विचारणा, पुन्हा शांतता. माउसचा बाण हलला तोवर चिपळूणच्या मशीनने फोन ठेवला होता. पडद्यावर पानाचा वरचा तिसरा हिस्सा आणि खाली काही नाही. चिपळूणला बूथवर 'एरर'ची चिठ्ठी निघाली.

हे डोळ्यांसमोर झाले म्हणून 'मोडेम बाद' हा विषय एकदाचा मिटला. मोडेम निर्दोष होता. तो चुकीच्या संगणकात होता.

उपाय

पहिली मागणी अर्थातच दुसऱ्या लाइनची. अर्ज मुख्य कार्यालयाकडे गेला आणि तिथेच मुरला. तेव्हा आहे त्या एका लाइनवर निभवायचे होते.

कपाटामागे जुना ४८६ संगणक पडला होता, विंडोज ९५ वाला. कोणी त्याला हात लावत नव्हते. तो बाहेर काढला आणि त्याला बाहेरून जोडायचा सिरियल मोडेम घेतला, स्वतःचा प्रोसेसर असलेला. विकत घेण्याआधी दुकानातच त्याला एटी+एफक्लास=? विचारून घेतले. उत्तर ०, १, २. व्हॉइस नाही. दुकानदार म्हणाला, 'थोडे वाढवून व्हॉइसवाला घ्या ना.' नको होता. त्या व्हॉइसने पुरेसा घोळ घातला होता. जुन्या संगणकाच्या सिरियल पोर्टवरची चिप मात्र बघून घ्यावी लागते. आलेली अक्षरे क्षणभर साठवून ठेवणारी १६५५० जातीची असेल तर ठीक, त्याआधीची असेल तर तिला एका वेळी एकच अक्षर धरता येते आणि वेगात अक्षरे गळतात. याच्यावर जुनीच होती, म्हणून नव्या चिपचे पोर्ट असलेले एक कार्ड घातले. सगळे मिळून खर्च नव्या फॅक्स मशीनपेक्षा कितीतरी कमी झाला.

विंडोज ९५ मध्ये फॅक्सची सोय मुळातच आहे, पण तिची एक खोड आहे: इनबॉक्सचा प्रोग्राम उघडा असेल तरच ती फॅक्स घेते. तो बंद केला की मोडेम रिंग ऐकतो आणि गप्प बसतो. म्हणून तो स्टार्टअपमध्ये टाकला आणि त्या संगणकाचा माउस काढून खणात ठेवला. लागेल तेव्हा लावायचा. दिसायला गावठी उपाय, पण ऑफिसबॉय पत्ते खेळायला बसायचा तो थांबला.

मोडेमच्या प्रगत मांडणीत तीन गोष्टी बदलल्या. एक, 'उपलब्ध असल्यास क्लास २ वापरा' चालू. दोन, वेग ९,६०० वर अडवला. हे साहेबांना पटेना, आपणहून वेग कमी का करायचा? कारण पावसाळी लाइनवर १४,४०० ची चाचणी फसते, मग १२,०००, मग ९,६००, आणि प्रत्येक फसलेल्या चाचणीला काही सेकंद जातात. बूथचे मीटर तोवर चालूच. शिवाय १४,४०० कशीबशी लागलीच तर पानाच्या मध्यात कोसळते. जे अखेर ९,६०० वरच येणार ते पहिल्यापासून ९,६०० वर असलेले बरे.

तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगी ठरली. 'खराब पान नाकारा' अशी एक खूण तिथे असते. ती लावलेली असेल तर पानावर ठराविक प्रमाणापेक्षा जास्त पट्ट्या आल्या की आपला मोडेम पाठवणाऱ्याला 'पान नीट मिळाले नाही' असे कळवतो, त्याचे मशीन एरर दाखवते, आणि वार्ताहर पुन्हा पैसे मोजतो. ती खूण काढली. बातमीच्या मध्ये दोन काळ्या पट्ट्या असल्या तरी ती वाचता येते. वाचता आली नाही तर वार्ताहराला फोन करून एक ओळ विचारता येते. पान नाकारण्याचा अधिकार यंत्राला द्यायचे काही कारण नाही.

जोडणी बदलली. भिंतीतून आलेली तार आधी मोडेमच्या 'लाइन' खोबणीत, आणि मोडेमच्या 'फोन' खोबणीतून पुढे दोन्ही फोनना. असे केले की मोडेम बोलायला लागताच तो पुढचे फोन आतून तोडतो. साहेबांनी रिसीव्हर उचलला तरी काही बिघडत नाही, त्यांना फक्त मुका फोन मिळतो. पहिल्या दिवशी त्यांनी 'फोन मेला' म्हणून हाक मारलीच. कॉल वेटिंग एक्स्चेंजला सांगून काढून टाकले.

राहिला कळीचा प्रश्न, उचलायचे कोणी? संगणकाला माणूस आणि फॅक्स यांतला फरक ओळखायला लावण्यापेक्षा वेळच वाटून दिली. सकाळपासून साडेपाचपर्यंत फोन माणसांचा. फॅक्स आलाच तर इनबॉक्समध्ये 'आता उत्तर द्या' दाबायचे. साडेपाच ते नऊ लाइन यंत्राची: दुसऱ्या रिंगला मोडेम उचलणार, लगेच टोन देणार, आणि कोणीही रिसीव्हरला हात लावायचा नाही. बूथवाल्याला हवा तोच टोन, हवा तेव्हा. मुख्य कार्यालयाला मजकूर पाठवायच्या दोन वेळा ठरवल्या, सात आणि नऊ, आणि त्या वेळात दहा मिनिटे फॅक्स करू नका असे सगळ्या वार्ताहरांना पोस्टकार्डाने कळवले. संध्याकाळी अपघात, दरड, पूर असे तातडीचे काही सांगायचे असेल तर खालच्या औषधाच्या दुकानाचा पी.पी. नंबर. दुकानदार जिन्याखालून हाक मारायचा. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हा सगळ्यात मागासलेला भाग, आणि तोच एकदाही बंद पडला नाही.

कागदावर काय उमटते

पट्ट्यांच्या निमित्ताने वार्ताहरांच्या हस्ताक्षराकडेही बघावे लागले. फॅक्स पानाच्या आडव्या रेघा वाचतो. एका रेघेत १,७२८ ठिपके. साध्या प्रतीत इंचाला ९८ रेघा, 'फाइन'मध्ये १९६. इंग्रजी टाइप साध्या प्रतीत निभून जाते. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली अर्थ बसलेला असतो. अनुस्वाराचा टिंब दोन रेघांच्या फटीत गेला की 'बंद' चा 'बद' होतो, उकार खालच्या ओळीत मिसळतो, रफार नाहीसा होतो. 'मृत' आणि 'मूर्त' यातला फरक रात्री साडेआठला टाइप करणाऱ्या माणसाने अंदाजाने ठरवायचा म्हणजे कठीण. आकड्यांचे तर विचारूच नका: ५ चा ४, ९ चा १. एकदा जखमींच्या आकड्यावरून मोठा घोटाळा होता होता राहिला.

फाइनला रेघा दुप्पट, म्हणून वेळही जवळपास तेवढाच वाढतो, आणि बूथवर वेळ म्हणजे पैसे. मधला मार्ग असा काढला: एक ओळ सोडून लिहायचे, काळ्या बॉलपेनने, शाईपेनने नाही. पानाला चारी बाजूंनी समास. पान साध्या प्रतीत पाठवायचे, पण मृत-जखमींचे आकडे आणि माणसांची नावे अक्षरी पुन्हा लिहायची. ओळ सोडून लिहिल्याने पान वाढते, पण खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, कारण फॅक्स कोरी जागा ठिपक्या-ठिपक्याने पाठवत नाही. 'इथून इथपर्यंत पांढरे' एवढाच संकेत पाठवतो. दाट लिहिलेले एक पान आणि विरळ लिहिलेली दोन पाने यांच्या वेळेत लोकांना वाटतो तेवढा फरक पडत नाही. हे वार्ताहरांना पटवायला बूथच्या बिलांची चळतच दाखवावी लागली.

पानाच्या डोक्यावर फॅक्स मशीन स्वतःहून पाठवणाऱ्याचे नाव आणि वेळ छापते. पण ते नाव बूथचे, आणि बूथवरच्या कित्येक मशीनांतले घड्याळ कधी लावलेलेच नव्हते. त्या हिशेबाने आमच्याकडे १९९४ सालच्या जानेवारीतल्या बातम्या रोज येत होत्या. तेव्हा पहिल्या ओळीत गाव, नाव, तारीख आणि एकूण पाने हाताने लिहायची सक्ती केली.

ताईंनी पडद्यावर फॅक्स बघून टाइप करावे, म्हणजे कागदही लागणार नाही, अशी साहेबांची कल्पना होती. ती दोन दिवसही टिकली नाही. चौदा इंची पडद्यावर अख्खे पान बसवले तर वाचता येत नाही, मोठे केले तर सरकवत बसावे लागते, आणि दोन संगणकांच्या मध्ये मान वळवून टायपिंग होत नाही. कागद छापायचाच. फरक एवढाच की आता पाने आधी पडद्यावर बघून नको असलेली प्रसिद्धिपत्रके तिथेच वगळता यायची. बाकीची साध्या झेरॉक्सच्या कागदावर निघत. मूळ पान डिस्कवर राही आणि महिन्याच्या शेवटी फ्लॉपींवर उतरे.

जाणारे फोन आणि फॅक्स

बाहेर जाणाऱ्या कामात अडथळा वेगळाच होता. नवा मोडेम नंबर फिरवायच्या आधीच 'डायल टोन नाही' म्हणून मोकळा व्हायचा. रिसीव्हर कानाला लावला तर टोन खणखणीत. अमेरिकी बनावटीच्या मोडेमला त्यांच्या देशातला ३५० आणि ४४० हर्ट्झचा जोडसूर ओळखीचा. आपल्याकडचा सूर ४०० हर्ट्झचा, २५ च्या लयीत थरथरणारा. तो ऐकून मोडेमला वाटायचे, हे भलतेच काही. त्यावर उपाय एटीएक्स३: टोनची वाट न बघता सरळ नंबर फिरव. विंडोजमध्ये 'डायल करण्याआधी टोनची वाट पाहा' ही खूण काढली तरी तेच काम होते. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे त्या काळात किती मोडेम दुकानात परत गेले असतील कोण जाणे.

विंडोजमधला फोन डायलर ताईंना आवडेल असे वाटले नव्हते, पण तोच जास्त वापरात आला. वार्ताहरांचे नंबर त्यात भरून ठेवले. नावावर क्लिक केले की मोडेम नंबर फिरवतो, रिंग ऐकू आली की रिसीव्हर उचलून 'टॉक' दाबायचे, मोडेम बाजूला होतो. दुपारी चारला आठ तालुक्यांना 'आज काय आहे' विचारायचे काम त्यामुळे निम्म्या वेळात व्हायला लागले. एसटीडीचा पाच आकडी कोड आणि पुढचा नंबर पावसाळ्यात पुन्हा पुन्हा फिरवून बोट दुखायचे ते थांबले.

जाहिरातींचे आदेश मात्र मोडेमवरून गेले नाहीत. त्यावर सही-शिक्का लागायचा, त्यासाठी स्कॅनर हवा, आणि तो नव्हता. कपाटावरचे थर्मल मशीन त्यासाठी दुपारी खाली उतरवून लावले जाई. मराठी मजकूर पाठवायला मात्र संगणकाचा फॅक्स उत्तम: पेजमेकरमधून प्रिंटरऐवजी फॅक्स निवडला की पान चित्र होऊन जाते, समोर कुठला फॉन्ट आहे याची फिकीर नाही. हीच फाइल ईमेलने पाठवली असती तर समोर श्रीलिपी नसल्यास कंसांचा आणि उद्गारचिन्हांचा भडिमार दिसला असता. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जाण्याची पद्धत, तेव्हा कार्यालयापर्यंत पोचलेले नव्हते.

नंतर

ऑगस्टपर्यंत तक्रारींचा सूर बदलला. गुहागर, दापोली, चिपळूण सुरळीत झाले. राजापूरच्या पट्ट्या कमी झाल्या पण गेल्या नाहीत, कारण त्या आमच्या टोकाच्या नव्हत्याच. पाऊस जोराचा झाला की तिकडची खरखर साध्या बोलण्यातही ऐकू यायची. रस्त्याकडेच्या खांबपेटीत पाणी शिरले की मोडेमची कुठलीही मांडणी उपयोगाची नसते. मंडणगडच्या वार्ताहराने फॅक्सचा नाद सोडला तो सोडलाच. तो रोज सहाच्या आधी फोनवर बातमी वाचून दाखवायचा आणि ताई थेट टाइप करून घ्यायच्या. त्याच्या बातम्यांत चुका सगळ्यात कमी, हेही नोंदवायला हवे.

ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात एका संध्याकाळी वीज जवळच कुठेतरी पडली आणि टेलिफोनच्या तारेतून आत आली. फोन वाचले, बाहेरचा मोडेम जळाला. आत बसवलेला मोडेम असता तर मदरबोर्डही गेला असता, हे कोकणात संगणक दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा. इथे फक्त मोडेमची किंमत गेली. एटी आज्ञांची ओळ, वेगाची मर्यादा आणि खुणा कुठल्या काढायच्या हे सगळे एका कागदावर लिहून ४८६ च्या कॅबिनेटला चिकटवलेले होते. त्यावरून ताईंनीच दुसऱ्या दिवशी नवा मोडेम लावला. मला फोन आला तो बिलासाठी.

दुसरी लाइन पुढच्या वर्षी मिळाली.